कोलोरेक्टल कॅन्सरचा सीटी करताना इमेज कशी सुधारते : नवीन टेक्नॉलॉजिस्टसाठी माझा अनुभव

सीटीवर नवीन आलेली मुलं हमखास एकच प्रश्न विचारतात, मॅडम इमेज चांगली यायला सेटिंग काय ठेवायचं, केव्ही किती, म्हणजे एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज, एमएएस किती, म्हणजे किती एक्स-रे सोडायचे ते. मीपण सुरुवातीला हेच विचारायचे. आता नऊ वर्षं झाली या कामात, त्यातली बरीच वर्षं कॅन्सरच्या पेशंट्सचे स्कॅन करण्यात गेली आणि त्यात मोठ्या आतड्याचे नि गुदाशयाचे पेशंट भरपूर, म्हणून जे हाताला लागलं ते एकदा नीट लिहून काढतेय. सेटिंगबद्दल पण सांगणार आहे, पण थोडं नंतर, कारण माझ्या अनुभवात इमेज जी बिघडते ती बहुतेक वेळा एक्सपोजरचं बटण दाबायच्या आधीच बिघडलेली असते.

रिक्वेस्ट फॉर्मवर एवढंच लिहिलेलं असतं, सीटी अ‍ॅब्डोमेन पेल्विस, सीए कोलन. तो फॉर्म हातात आला की पहिलं हे विचारायचं की यातून डॉक्टरांना नक्की काय बघायचंय. गाठ आतड्याच्या भिंतीत कितव्या थरापर्यंत गेलीय, टी१ आहे की टी२, हे सीटी नीट सांगू शकत नाही, मशीन कितीही भारी असलं तरी. गुदाशयाच्या गाठीचं तिथल्या तिथलं स्टेजिंग, म्हणजे आजार कितपत पुढे गेलाय ते ठरवणं, एमआरआयवर होतं. सीटीकडून अपेक्षा वेगळी असते: गाठ भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत शिरलीय का, शेजारच्या अवयवाला चिकटलीय का, लिम्फ नोड्स, पेरिटोनियमवर, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तरावर, बारीक गाठी, फुफ्फुसं, आणि सगळ्यात जास्त लक्ष ज्यावर असतं ते यकृत. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात जातं ना, त्यामुळे पसरलेला कॅन्सर बऱ्याचदा पहिल्यांदा तिथेच सापडतो. गुदाशयाच्या खालच्या भागाचं काही रक्त मात्र यकृताला वळसा घालून सरळ मोठ्या शिरेत जातं, म्हणून त्या पेशंट्समध्ये छातीचा भाग घाईघाईत उरकायचा नाही.

हे मी एवढं का सांगतेय, तर ‘चांगली इमेज’ असं सुटं काही नसतं. यकृतातली गाठ शोधणं म्हणजे करड्या रंगात किंचित जास्त करडा ठिपका शोधणं. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, इमेजमधला उजळपणा मोजणारी ही हाउन्सफिल्ड युनिटं आपण परीक्षेसाठी पाठ करतो, पण खरी लढाई फार छोट्या पट्ट्यात चालते. समजा काँट्रास्टनंतर, म्हणजे शिरेतून आयोडीनचं औषध दिल्यावर, यकृत ११० वर गेलं आणि त्यातली गाठ ७० वर राहिली तर फरक ४० चा. गाठ लहान असेल तर तोही अर्धा होतो, का ते पुढे सांगते. आता इमेजमधला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, जर २० असेल तर तो ठिपका डोळ्याला दिसणार कसा? म्हणजे हातात दोनच गोष्टी, एकतर फरक वाढवा नाहीतर नॉइज कमी करा.

नॉइज कमी करायचा म्हणून नवीन माणूस एमएएस वाढवतो. त्याचा हिशोब असा आहे की नॉइज निम्मा करायला डोस चौपट लागतो, कारण नॉइज एमएएसच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. पोट आणि पेल्विसच्या एका स्कॅनला साधारण ८ मिलिसिव्हर्टच्या आसपास डोस जातो आणि या पेशंट्सचे स्कॅन एकदा करून संपत नाहीत, ऑपरेशनआधी, केमो चालू असताना, नंतर काही वर्षं फॉलोअपला, चालूच असतं. चौपट डोस देऊन नॉइज निम्मा करणं हा फार महागात पडणारा रस्ता आहे. त्याऐवजी फरक वाढवणं, म्हणजे काँट्रास्ट नीट देणं आणि तो वेळेवर पकडणं, यात जास्त फायदा. मला ही गोष्ट एका पेशंटमुळे कळली.

सत्तरी ओलांडलेले एक काका होते, सिग्मॉइडची, म्हणजे गुदाशयाच्या आधीच्या वळणाची गाठ, ऑपरेशनआधीचं स्टेजिंग. फॉर्मवर कोपऱ्यात बारीक अक्षरात हृदयाचं पंपिंग कमी असल्याचं लिहिलेलं होतं, मी ते वाचलं पण त्याचा स्कॅनशी काय संबंध हे तेव्हा डोक्यात आलं नाही. नेहमीसारखं काँट्रास्ट दिलं, ७० सेकंदांनी स्कॅन. इमेज एकदम स्वच्छ आली, हालचाल नाही, रेघा नाहीत, मी समाधानाने पाठवून दिली. वीस मिनिटांनी रिपोर्टिंग रूममधून बोलावणं आलं. रेडिओलॉजिस्ट सरांनी स्क्रीनवर यकृत उघडून ठेवलेलं होतं. म्हणाले, "हिपॅटिक व्हेन दाखव मला." मी बघितलं तर तिथे काळपट पट्टे होते. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या त्या शिरा काँट्रास्टने भरल्याच नव्हत्या. "आणि ही बघ, इथे आडवी कापली गेलेली शीर आहे का गाठ आहे? मी काय लिहू?" तो काळा गोल ठिपका अजून डोळ्यासमोर आहे माझ्या, यकृताच्या सेगमेंट सातमध्ये, ९ मिलिमीटरचा. काकांना दोन दिवसांनी परत बोलवावं लागलं, परत सुई, परत काँट्रास्ट, परत डोस. दुसऱ्या वेळी शिरा पांढऱ्या झाल्या आणि तो ठिपका तसाच काळा राहिला, म्हणजे गाठ होती, आणि तिच्याशिवाय अजून एक होती जी पहिल्या स्कॅनमध्ये कुणालाच दिसली नव्हती.

त्यामागचं कारण असं. यकृताला साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून. कोलोरेक्टल मेटास्टेसिसला, म्हणजे आतड्यातून यकृतात पसरलेल्या गाठीला, मात्र मुख्यतः आर्टरीचंच रक्त मिळतं आणि तेही बेताचं. म्हणून पोर्टल व्हेनस फेजमध्ये, म्हणजे काँट्रास्ट सुरू केल्यापासून साधारण ७० सेकंदांच्या आसपास, यकृत उजळतं नि गाठ मागे राहते, तेव्हाच फरक सगळ्यात जास्त असतो. पण हे ७० सेकंद धडधाकट हृदयाचे आहेत. पंपिंग कमी असेल तर काँट्रास्ट महाधमनीत पोचायलाच दुप्पट वेळ लागू शकतो आणि मग आपण ७० ला जे पकडतो ती पोर्टल फेज नसतेच. म्हणून आता मी बोलस ट्रॅकिंग लावते, म्हणजे काँट्रास्ट पोचलं का ते मशीनच बघत राहतं, डायाफ्रामच्या लेव्हलला महाधमनीत आरओआय, म्हणजे मोजायचं वर्तुळ, तिथे १०० ते १५० युनिटांची वाढ झाली की त्यानंतर ४५-५० सेकंद थांबून स्कॅन. पेशंट बाहेर सोडायच्या आधी मॉनिटरवर हिपॅटिक व्हेन भरल्यात का बघायचं, भरल्या नसतील तर पेशंट टेबलावर असतानाच रेडिओलॉजिस्टना फोन करायचा. त्या क्षणी अजून अर्ध्या मिनिटाने यकृतापुरता एक स्कॅन घेता येतो, दोन दिवसांनी पुन्हा सगळं करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

काँट्रास्टच्या मात्रेबद्दल. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना सरसकट १०० मिली द्यायची सवय असते. ३७० च्या, म्हणजे मिलीमागे ३७० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या काँट्रास्टचे १०० मिली म्हणजे ३७ ग्रॅम आयोडीन, ते ५० किलोच्या माणसाला किलोमागे ७४० मिलिग्रॅम पडतं आणि ९५ किलोच्या माणसाला फक्त ३९०. म्हणजे ज्याच्या शरीरामुळे नॉइज आधीच जास्त येणार त्यालाच आपण काँट्रास्ट कमी देतोय. किलोमागे ५०० ते ६०० मिलिग्रॅम आयोडीन धरून हिशोब करा, वजन विचारायचं नाही, काट्यावर घ्यायचं. अति लठ्ठ पेशंटमध्ये मात्र सरळ गुणाकार करत बसू नका, चरबी काँट्रास्ट फारसं घेत नाही, तिथे वरची मर्यादा ठरवून ठेवलेली असते ती पाळा. काँट्रास्ट ३७ डिग्रीला गरम केलेलं असावं, पातळ होतं आणि इंजेक्टरचं प्रेशर कमी लागतं. पाठोपाठ सलाइनचा फ्लश द्या, नाहीतर शेवटचे काही मिली हाताच्या शिरेतच पडून राहतात. किडनीचा रिपोर्ट, आधीची अ‍ॅलर्जी, मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध चालू आहे का, हे सगळं विचारणं तर आलंच.

कॅन्युलावर मात्र थोडं थांबते. केमो घेतलेल्या माणसाच्या शिरा थकलेल्या असतात. त्यांना सुईची भीती नसते असं आपल्याला वाटतं कारण रोजचंच आहे, पण उलट असतं, दहा वेळा टोचून झालेला माणूस अकराव्या वेळी जास्त घट्ट होतो. कोपराजवळची चांगली शीर मिळाली तर २० गेजची कॅन्युला आणि सेकंदाला ३ मिली आरामात जातं. शीर बारीक असेल तर रेट कमी करा, पोर्टल फेजला २ मिलीचा रेटसुद्धा चालून जातो कारण इथे एकूण आयोडीन किती गेलं याला जास्त महत्त्व आहे. चार वेळा टोचून मोठी सुई घालायचा हट्ट नको. केमो पोर्ट, म्हणजे केमोसाठी कातडीखाली बसवलेली जोडणी, असेल तर तो प्रेशर इंजेक्टरला चालणारा आहे का हे खात्री केल्याशिवाय त्याला लावायचं नाही.

पोटात काय द्यायचं यावर नवीन लोक फार गोंधळतात. पूर्वी सगळ्यांना पांढरं ओरल काँट्रास्ट पाजायची पद्धत होती. पण आतड्यात पांढरं भरलं आणि भिंतही काँट्रास्टने उजळली तर दोन्ही एकमेकांत मिसळतात, भिंतीतली गाठ शोधायची तर आत काळं पाहिजे. म्हणून स्टेजिंगला साधं पाणी पाजणं मला जास्त पटतं. ऑपरेशननंतर जोड गळतोय का असा प्रश्न असेल तेव्हा उलट, तिथे पांढरंच पाहिजे, ते आतड्याबाहेर आलं की लगेच दिसतं, पण ते पाण्यात विरघळणारं हवं, आतडं फाटल्याची शंका असताना बेरियम अजिबात नाही. म्हणजे परत तेच, फॉर्मवरचा प्रश्न वाचल्याशिवाय पेला भरायचा नाही.

आता टेबल. सेंटरिंगला लोक किरकोळ समजतात. एक प्रयोग सांगते, मशीन रिकामं असेल त्या दिवशी नक्की करून बघा. पाण्याचा फँटम, म्हणजे तपासणीसाठीचं पाणी भरलेलं भांडं, बरोबर मध्यावर ठेवून स्कॅन करा, मधोमध आरओआय ठेवून स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे नॉइजचा आकडा, लिहून घ्या. मग टेबल चार सेंटिमीटर खाली घ्या, बाकी काही बदलू नका, परत स्कॅन, परत तोच आरओआय. आकडा वाढलेला दिसेल. ट्यूबसमोरच्या बोटाय फिल्टरचा आकार असा असतो की मध्यावरच्या जाड भागाला जास्त एक्स-रे मिळावेत नि कडेला कमी, पेशंट सरकला की तो सगळा हिशोब सरकतो. आणि ऑटो एक्सपोजर चालू असेल तर आणखी एक भानगड, स्काउट, म्हणजे स्कॅन आखायची सुरुवातीची इमेज, घेताना पेशंट ट्यूबच्या जवळ गेला की तो आहे त्यापेक्षा जाड दिसतो, मशीन जास्त करंट देतं, लांब गेला की बारीक दिसतो आणि मशीन कमी देतं. म्हणजे नुसत्या टेबलाच्या उंचीने डोस नाहीतर नॉइज वाढतो, सेटिंगला हातही न लावता. लेझर नाभीवर आला की झालं असं नसतं, बाजूने उभं राहून छाती ते कंबर बघा, पोट सुटलेल्या माणसात मध्य वेगळा निघतो.

हात वर. हात अंगाशी राहिले तर दोन्ही बाजूच्या हाडांमुळे बरोबर यकृतातून आडव्या रेघा जातात. खांदा दुखतोय, हात वर जात नाहीत अशा आजी येतात, तेव्हा निदान एक हात वर घ्या, तेही जमत नसेल तर पोटावर मोठी उशी ठेवून दोन्ही हात त्या उशीवर, शरीरापासून जितके लांब तितकं बरं. बाजूला चिकटलेले नकोत. पायजम्याची नाडी, झिप, ईसीजीच्या वायरी, कॅथेटरची क्लिप, हे सगळं स्काउटवर बघून काढायचं, पेल्विसमध्ये एक धातूची क्लिपसुद्धा गुदाशयाच्या शेजारचा नोड झाकू शकते.

श्वासाचं म्हणाल तर मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज पुरेसा नसतो. मी पेशंटच्या बाजूला उभी राहून दोनदा सराव करून घेते, "काका, मी सांगितलं की छाती भरून श्वास घ्या आणि तसाच धरा, पोट हलू द्यायचं नाही, दहा सेकंदांचं काम आहे." आणि पोटावर हात ठेवून बघते खरंच थांबलं का. काही लोक फुफ्फुसं ताणून इतका मोठा श्वास घेतात की पाचव्या सेकंदाला सुटतो, त्यांना मध्यम श्वास सांगायचा. काँट्रास्ट गेल्यावर अंगात गरम होणार, घशात वेगळं वाटणार, लघवी झाल्यासारखं वाटेल, हे आधी सांगितलं नाही तर तो माणूस नेमका स्कॅन सुरू होताना दचकतो. ऐकू कमी येत असेल तर हाताच्या खुणा ठरवून घ्या. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात, आणि एखाद्या नव्या सॉफ्टवेअरने जेवढी इमेज सुधारेल त्यापेक्षा जास्त या दोन मिनिटांत सुधारते असं माझं ठाम मत आहे.

बरं, आता सेटिंग. केव्ही १२० हे जणू देवाने ठरवून दिलंय असं धरून चालतात. आयोडीनची के-एज, म्हणजे जिथे ते एक्स-रे एकदम जास्त शोषायला लागतं ती एनर्जी, ३३.२ केईव्हीला आहे, बीमची सरासरी एनर्जी जितकी तिच्या जवळ आणाल तितकं आयोडीन जास्त उजळ दिसतं. बारीक किंवा मध्यम अंगाच्या पेशंटला १०० केव्ही लावलं तर तेवढ्याच काँट्रास्टमध्ये यकृत जास्त उजळतं आणि गाठीचा फरक वाढतो. जाड पेशंटला कमी केव्ही लावलं की किरण आरपार पुरेसे जात नाहीत, ट्यूब करंट वाढवून वाढवून मर्यादेला टेकते आणि इमेज दाणेदार होते, तिथे १२० च बरं. ड्युअल एनर्जी, म्हणजे दोन एनर्जींनी स्कॅन करायची सोय, असेल तर ४० ते ५० केईव्हीच्या व्हर्च्युअल मोनोएनर्जेटिक, म्हणजे एकाच एनर्जीच्या किरणांनी काढल्यासारख्या, इमेजेस काढून रेडिओलॉजिस्टना देऊन बघा, कमी उजळणाऱ्या गाठी त्यात उठून दिसतात.

स्लाइसची जाडी. वर म्हटलं होतं ना की लहान गाठीचा फरक अर्धा होतो, तो यामुळे. ५ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये ४ मिलिमीटरची गाठ पूर्ण बसली तरी उरलेल्या जागेत नॉर्मल यकृत असतं, आणि दोन स्लाइसमध्ये वाटली गेली तर दोन्हीकडे पुसट होते. स्लाइस पातळ केली की हे टळतं पण नॉइज वाढतो, ५ वरून १.२५ वर आलात की नॉइज दुप्पट. त्यामुळे आमच्याकडे पातळ स्लाइस काढून ठेवतात कोरोनल-सॅजिटल, म्हणजे समोरून नि बाजूने दिसणाऱ्या इमेज बनवायला आणि शंका आली तर बघायला, वाचायला मात्र ३ मिलिमीटर. डिस्प्ले एफओव्ही, म्हणजे इमेजमध्ये दाखवायचं क्षेत्र, पण शरीराला लागून ठेवा, ५०० मिलिमीटरचं क्षेत्र ५१२ खान्यांत वाटलं तर एक पिक्सेल जवळजवळ १ मिलिमीटरचा, ३५० ठेवलं तर ०.६८ चा. १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला तेव्हा इमेज ८० बाय ८० खान्यांची होती, त्या खान्यांत त्या लोकांनी मेंदूतली गाठ ओळखली होती. आपल्याला ५१२ मिळालेत, ते टेबल आणि हवा दाखवण्यात घालवू नका.

इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे रॉ डेटातून इमेज बनवताना नॉइज कमी करणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायचीय. आमच्याकडे ते नवीन आलं तेव्हा सगळे खूश होतो. स्ट्रेंथ वाढवली की दाणे गायब, यकृत एकदम गुळगुळीत. मी सगळ्यात वरच्या लेव्हलला नेऊन ठेवलं आणि सोबत डोसही उतरवला, आकड्यात नॉइज तर कमीच दिसत होता. तीन आठवड्यांनी एका पेशंटचा एमआरआय झाला, त्यात ७ मिलिमीटरची गाठ, सीटीत नव्हती. रॉ डेटा अजून मशीनवर होता, सरांच्या शेजारी बसून आम्ही तोच स्कॅन कमी स्ट्रेंथने परत काढला. इमेज दाणेदार आली, दिसायला आधीच्यापेक्षा वाईट, पण त्या जागी, विंडो, म्हणजे करड्या छटांत दाखवायचा आकड्यांचा पट्टा, आवळून १५० वर आणली तेव्हा, एक पुसट काळा ठिपका होता. गुळगुळीत इमेजमध्ये तो आजूबाजूच्या यकृतात विरघळून गेला होता. ही सॉफ्टवेअर्स मोठ्या फरकाच्या कडा छान राखतात, पण कमी फरकाची लहान गोष्ट आणि नॉइज यात त्यांची गल्लत होऊ शकते. डीप लर्निंगवाली रिकन्स्ट्रक्शन जास्त नैसर्गिक दिसतात, मला आवडतात, पण तिथेसुद्धा डोस उतरवताना हाच प्रश्न विचारायला हवा की माझ्या यकृतातली ७ मिलिमीटरची गाठ राहिली का. त्या दिवसापासून मी दोन सवयी लावून घेतल्या. एक, स्ट्रेंथ मधली. दुसरी, कॅन्सरच्या पेशंटचा रॉ डेटा रिपोर्ट होईपर्यंत पुसला जाऊ द्यायचा नाही, मशीनवर जागा कमी असते नि काही दिवसांत तो आपोआप ओव्हरराइट होतो, म्हणून लॉक करून ठेवायचा.

इंजिनीअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, सीटीची क्वालिटी सुधारायचं मॉडेल करायचंय म्हणून. त्यांनाही एक सांगते, इमेज आठ बिटची पीएनजी करून त्यावर काँट्रास्ट एन्हान्समेंट लावलंत की हाउन्सफिल्डचे आकडे गेले, मग ते यकृत राहत नाही, नुसता फोटो होतो. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलमधला डेटा घेऊन काम करा. पीएसएनआर आणि एसएसआयएम हे इमेज क्वालिटीचे आकडे वाढले म्हणून गाठ दिसायला लागली असं होत नाही, इमेज जास्त गुळगुळीत केली तरी पीएसएनआर वाढतो. रेडिओलॉजिस्टना आधीच्या नि नंतरच्या इमेजेस नाव झाकून दाखवा आणि गाठी शोधायला लावा, तिथे खरं काय ते कळतं.

सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे आतडं फुगवून केलेला सीटी, हे याच आतड्याचं काम, पण हिशोब सगळा उलटा. तिथे पॉलिप, म्हणजे भिंतीवर आलेला कोंब, शोधायचा असतो, हवा उणे १००० आणि भिंत ४० च्या आसपास, एवढा प्रचंड फरक असल्यावर नॉइज चालतो, म्हणून डोस बराच कमी ठेवता येतो. तिथे बिघडतं ते आतडं नीट साफ नसल्यामुळे नाहीतर नीट फुगलं नसल्यामुळे. टॅगिंगचं औषध वेळेवर घेतलं तर उरलेला मळ पांढरा दिसतो नि पॉलिपशी गल्लत होत नाही. फुगवायला कार्बन डायऑक्साइड बरा, शरीरात लवकर शोषला जातो, पेशंटचं पोट नंतर कमी दुखतं. पाठीवर आणि पालथं अशा दोन पोझिशन घ्यायच्याच, मळ नि पाणी जागा बदलतं, पॉलिप भिंतीला धरून राहतो. सिग्मॉइड हा हमखास मिटलेला भाग, विशेषतः डायव्हर्टिक्युलम, म्हणजे भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या, असतील तर. स्काउट बघितल्याशिवाय स्कॅन सुरू करायचा नाही, आणि दोन्ही पोझिशनमध्ये तोच तुकडा मिटलेला निघाला तर कुशीवर वळवून तिसरा घ्या, पेशंट घरी गेल्यावर काही करता येत नाही.

खुब्याचा सांधा बदललेला असेल तर पेल्विसमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत गुदाशय हरवतो. मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन वापरा, पण मूळ इमेजही पाठवा, कारण ते सॉफ्टवेअर कधीकधी नवीनच सावल्या तयार करतं.

फॉलोअपच्या स्कॅनला वेगळी शिस्त लागते. केमोचा उपयोग होतोय का हे गाठीच्या मापावरून ठरतं, रेसिस्ट १.१ या गाठी मोजायच्या नियमांप्रमाणे ५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस असेल तर निदान १० मिलिमीटरची गाठ मोजायला घेतात. मागच्या वेळी पोर्टल फेज आणि या वेळी उशिराची फेज झाली तर त्याच गाठीची कड वेगळी दिसते, मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि त्यावर कुणाचं तरी औषध बदलू शकतं. म्हणून आधीचा स्कॅन उघडून केव्ही, फेज, स्लाइस बघूनच सुरुवात करायची. अजून एक, काही केमोच्या औषधांनंतर यकृतात चरबी साठते, यकृतच काळपट होतं, मग काळी गाठ काळ्यात लपते. तिथे आपण कितीही चांगलं केलं तरी फरक येत नाही, अशा वेळी रेडिओलॉजिस्टना आपण होऊन सांगा की यकृत मागच्यापेक्षा काळं दिसतंय, ते एमआरआय सुचवू शकतात.

सकाळचं वॉर्मअप, एअर कॅलिब्रेशन, पाण्याच्या फँटमचा आकडा शून्याजवळ आहे का, हे रोज लिहायचं, टाळायचं नाही, रिंग आर्टिफॅक्ट, म्हणजे इमेजमध्ये खोट्या गोल कड्या, आला की पेशंट न घेता आधी कॅलिब्रेशन.

आणि रिपोर्टिंग रूममध्ये जाऊन बसा. आठवड्यातून अर्धा तास, तुम्ही केलेलाच स्कॅन ते कसा वाचतात हे मागून बघा, किती वेळ कुठे थांबतात, विंडो कधी आवळतात. मी जे वर लिहिलंय त्यातलं निम्मं त्या खुर्चीमागे उभं राहून शिकले. तिथूनच मला स्कॅनसोबत टीप लिहायची सवय लागली, पेशंटच्या रेकॉर्डमध्ये दोन ओळी, पुढच्या माणसासाठी.

त्या सिग्मॉइडवाल्या काकांच्या नावापुढेपण लिहून ठेवलं होतं, ‘हृदयाचं पंपिंग कमी, फिक्स डिले नको, बोलस ट्रॅकिंग लावा, डावा हात वर जात नाही, उशी द्या, डावं ऐकू येत नाही’. काही महिन्यांनी केमोनंतरच्या स्कॅनला ते आले तेव्हा मी सुट्टीवर होते, ड्युटीवर चार महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा होता. त्याने टीप वाचून उजव्या बाजूला उभं राहून श्वासाचा सराव करून घेतला, डाव्या हाताखाली उशी दिली, ट्रिगर ३८ सेकंदांना लागला. दुसऱ्या दिवशी मी तो स्कॅन उघडला, तिन्ही हिपॅटिक व्हेन पांढऱ्या भरलेल्या, आणि सरांनी सेगमेंट सातमधला ठिपका मागच्या इमेजशेजारी लावून मोजला होता, ९ चा ५ झालेला.